टॉमची दमदार तिहाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुनी मारधाडीची कार्टून मुलांना दाखवू नका, असा सल्ला देणारा लेख वाचला. लेखिकेची कळकळ खरी आहे. 'टॉम अँड जेरी'चा एक भाग समोर ठेवून त्यांनी त्यातले फटके मोजलेत. तवा किती वेळा, इस्त्री किती वेळा, शेपूट दारात किती वेळा. मग मीही मोजायला बसलो. चाळीस वर्षं मिरजेत तबल्याच्या शिकवण्या करतोय, मोजणं हाच आमचा धंदा. मी मात्र दोन फटक्यांच्या मधली जागा मोजली. त्यातून जे हाती लागलं ते सांगायला हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण आईचा भाग कापू नका.

आईचा जन्म १९३९चा. टॉम पडद्यावर आला १९४०च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिच्यापेक्षा वर्षाने धाकटा. तिला गेली आठ-नऊ वर्षं जवळजवळ ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आहे, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून जेवण झालं की ती ते काढून पानाच्या डब्यात ठेवते आणि डबा मिटते. आमच्या घरात एकूण सात माणसं. मुलगा औषधांच्या दुकानातून साडेआठला येतो. सूनबाई अथणीकडची, तिच्या फोनवर कन्नड चालू असतं. हिची, म्हणजे माझ्या बायकोची, मालिका. नात नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेत. नातू चारचा. बातम्या लागल्या की मी एकटा, मालिका लागली की ही एकटी, क्रिकेट असलं की मुलगा. बाकीचे आपापल्या खोलीत नाहीतर आपापल्या फोनमध्ये. एकाच दिशेला सात तोंडं होतात ती रात्री जेवणानंतर, खरकटी भांडी मोरीत पडायच्या आधी, आणि तीही त्या मांजरासाठी.

एक दिवस माझ्या ध्यानात आलं की आई पोरांच्या आधी हसते. पोरं तवा लागल्यावर हसतात. ही त्याच्या अर्धा सेकंद आधी, टॉम मागे वळून बघायला लागला की पदर तोंडाला लावते. ऐकू तर काहीच येत नाही, मग हिला कळतं कसं? मी तिला हातवारे करून विचारलं. ती म्हणाली, "थांबलाय नव्हं तो. आता बसणार."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी आवाज पूर्ण बंद करून एक भाग लावला आणि मांडीवर ताल धरला. टॉम चवड्यांवर चोरपावलांनी येतो ना, ती पावलं अगदी लयीत पडत होती. नुसत्या चित्रांची लय! आवाज नसताना मांडीवरचा ठोका आणि त्याचं पाऊल एकत्र येत होतं, आणि जिथे ते आलं नाही तिथे नेमका काहीतरी घोटाळा व्हायचा होता.

असं का, याचं उत्तर ही कार्टून ज्या रीतीने बनली तीत आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० ते १९५८ या काळात हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीसाठी अशा ११४ छोट्या फिल्म केल्या. बार्बेरांकडे गोष्ट, गमती आणि रेखाटनं. हॅनांकडे वेळ. कुठली हालचाल किती चौकटींची, कुठे किती थांबायचं, हे ठरवणं हे त्यांचं काम. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी जातात. म्हणजे दर बारा चौकटींना ठोका ठेवला की मिनिटाला १२० मात्रांची लय झाली, आठ चौकटींना ठेवला की १८०. संगीताच्या मापांसारख्या आखलेल्या कागदावर हे सगळं आधी मांडलं जायचं, चित्रकार त्याबरहुकूम चित्रं काढायचे आणि संगीतकार स्कॉट ब्रॅडली त्याच मापांवर वाद्यवृंद लिहायचे. सात मिनिटांची फिल्म म्हणजे सुमारे दहा हजार चौकटी. आमच्याकडे गुरुजी हातावर ताल देऊन आधी बोल पाठ करून घेतात, हात तबल्यावर नंतर पडतो. तसाच प्रकार.

ब्रॅडलींची गोष्ट जाता जाता सांगतो. लोकांना वाटतं ते नुसते धाडधूड आवाज आहेत. या माणसाने जाझ, चालू गाणी, अभिजात संगीत सगळं त्यात कालवलं, आणि १९४४च्या एका फिल्ममध्ये तर शोनबर्ग या संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत वापरली. पाश्चात्त्य संगीतातले जाणकार जे ऐकून कपाळाला आठ्या घालतात, ते आमचा नातू वरण-भात खाताना ऐकतो.

आता तबलजीच्या भाषेत बोलतो, वाचकांनी सांभाळून घ्यावं. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं म्हणजे तिहाई. ती दोन तऱ्हेची. दोन तुकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवली तर दमदार, न थांबता सलग घेतली तर बेदम. टॉम उंदराच्या बिळापाशी एकदा सापळा लावतो, फसतो. जरा थांबतो, विचार करतो, पुन्हा लावतो, फसतो. पुन्हा थांबतो. तिसऱ्यांदा आपल्याला आधीच ठाऊक असतं की हा फसणार, कसा ते तेवढं ठाऊक नसतं. ही दमदार तिहाई. आणि स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून अंगण अशी जी पळापळ होते ती बेदम. माझ्या शिकवणीतल्या पोरांना दमदार तिहाईतला दम धरताच येत नाही, सगळ्यांना समेवर जायची घाई. मी हल्ली त्यांना सांगतो, घरी जा, टॉम बघा, मग या. पालक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात.

समेनंतर येणं म्हणजे अतीत. चक जोन्स यांनी १९४९मध्ये आणलेला तो रोडरनर पक्ष्याच्या मागे लागलेला कोल्ह्यासारखा प्राणी आठवा. कडा संपतो, हा हवेत पळतच राहतो. खाली जमीन नाही हे त्याला कळतं, तो आपल्याकडे बघतो, आणि मग पडतो. सम केव्हाच होऊन गेली, हा मागाहून येतोय! जाणकार मैफलीत अशा जागेला जो 'वाहवा' निघतो तोच आमच्या नातवाच्या तोंडून 'पडला, पडला' म्हणून निघतो.

टॉम-जेरीची पहिलीच फिल्म घ्या. तीत मांजराचं नाव अजून टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. घर सांभाळणारी बाई त्याला दम देते की आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर काढीन. झालं! उंदराला हत्यार मिळालं. तो टेबलाच्या कडेवर काचेचा पेला धरून उभा राहतो, आणि मांजर जागच्या जागी थिजतं. त्यात मार कुठे आहे? एक पेला आहे आणि एक कड आहे. आमच्या आईने आयुष्यभर जावा-नणंदांच्या घरात काचसामान सांभाळलं. ते दृश्य बघताना ती चक्क खुर्चीवरून पुढे सरकते, हात पसरते, पेला झेलायला.

आणि १९४७ची ती पियानोची फिल्म. टॉम काळा कोट घालून लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी वाजवायला बसलाय, जेरी पियानोच्या पोटात झोपलाय. मारामारी होते, पण वाजवणं थांबत नाही. बोटावर झाकण पडो, पट्ट्यांच्या जागी सापळा येवो, गत तुटता कामा नये. वाजवणाऱ्या माणसाला हे बघून नुसतं हसू येत नाही, पोटात गोळा येतो. आमच्याही मैफलीत डास चावला, घाम डोळ्यात गेला, समोरचा गवई भलतीकडेच निघाला, तरी ठेका सोडता येत नाही. त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. या मालिकेला अशी एकूण सात मिळाली.

माझं म्हणणं आणखी एका गोष्टीने पटेल. एमजीएमने १९५७मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला. पुढे १९६१-६२मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये तेरा फिल्म केल्या. मांजर तेच, उंदीर तोच, मार म्हणाल तर काकणभर जास्तच आणि जरा कडवट. पण लय सुटलेली. पावलं भलतीकडे पडतात, थांबायला हवं तिथे थांबत नाहीत. आमच्या घरी त्यातली एखादी लागली की आई दोन मिनिटांत जपमाळ काढते. मारातच मजा असती तर तिने जपमाळ काढली नसती.

लेखिकेचा खरा प्रश्न, मुलं अनुकरण करतात त्याचा. त्यावर आमच्याकडची घटना लपवत नाही. मागच्या श्रावणात चार वर्षांच्या नातवाने हातोडी उचलून माझ्या डग्ग्यावर मारली. पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली. ही पुडी गुरुजींच्या वेळच्या कारागिराच्या हातची. तो कारागीर आता नाही. मी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. सगळ्यांनी एकमुखाने मांजराला दोष दिला आणि टीव्हीचा रिमोट कपाटात गेला. तिसऱ्या दिवशी नातूच माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आबा, मी पण सूर लावत होतो." रोज संध्याकाळी त्याच्यासमोर त्याच हातोडीने पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोकून सूर लावणारा मीच की! मांजर बिचारं निर्दोष सुटलं. रिमोट बाहेर आला.

तरीही चार वर्षांच्या पोराला एकट्याला फोन हातात देऊन हे दाखवू नये, हे लेखिकेचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. शेजारी कुणीतरी बसायला हवं. "लागलं का रे त्याला?" "नाही, कार्टून आहे ते." एवढं बोलणं व्हायला हवं. मुळात ही चित्रं एकट्याने बघायची नव्हतीच. टीव्हीसाठी बनली नव्हती, लहान मुलांसाठी म्हणूनही नव्हती. ती थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी लागायची, आणि समोर सगळ्या वयाचं पब्लिक असायचं.

तसं मी ते बघितलंय. १९६८च्या मे महिन्यात गिरगावात काकांकडे राहायला गेलो होतो. काका मला धोबीतलावच्या मेट्रोला घेऊन गेले. मेट्रो म्हणजे १९३८मध्ये एमजीएमनेच बांधलेलं थिएटर, तेव्हा आपल्या घरची कार्टून त्यांनी तिथे लावावीत यात नवल नाही. सुरुवातीला एमजीएमचा तो सिंह डरकाळी फोडतो ना, मला वाटलं तोही पुढे गोष्टीत येणार. नऊ वर्षांचा होतो, मिरजेहून आलेला, इंग्रजी येत नव्हतं. मुख्य सिनेमाचं नाव आज आठवत नाही, गोष्ट तेव्हाच कळली नव्हती. पण त्या आधीच्या सात मिनिटांत पुढच्या रांगेतले एक पारशी आजोबा, माझे काका आणि मी एकाच क्षणी हसलो, हे मात्र स्पष्ट आठवतं. काका घरी फार कडक. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं ते अंधारात.

हा प्रकार आपल्याला परका आहे असंही नाही. 'स्लॅपस्टिक' हा शब्द आला तो इटलीतल्या जुन्या लोकनाट्यातल्या विदूषकाच्या काठीवरून. दोन पट्ट्या एकत्र बांधलेल्या, मारल्या की आवाज मोठा, लागायचं थोडं. माझी सासुरवाडी संगमेश्वराकडची. तिथे शिमग्याच्या खेळ्यात संकासुर येतो. काळे कपडे, पांढरी दाढी, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. तो अंगावर धावून आला की पोरं किंचाळत पळतात आणि लगेच पुन्हा त्याच्यासमोर जाऊन उभी राहतात. कुणी त्या पोरांना हिंसेपासून वाचवा म्हणत नाही. घुंगरं आधी वाजतात, तो थांबतो, मान फिरवतो, मग धावतो. पोरांना त्या थांबण्यातच गुदगुल्या होतात.

लेखिकेला आक्षेपच घ्यायचा होता तर एका गोष्टीवर घ्यायला हवा होता, तिचा लेखात उल्लेखही नाही. पहिल्या काळातल्या या फिल्ममध्ये घरकाम करणारी जी बाई दिसते, ती कृष्णवर्णीय. चेहरा बहुतेक दाखवतच नाहीत. जाडजूड पाय, चपला, परकर आणि मोडकं बोलणं, एवढंच. तिला आवाज देणारी लिलियन रँडॉल्फ चांगली अभिनेत्री होती, पण पात्र थट्टेचंच. शिवाय स्फोट झाला की कुणाचं तरी तोंड काळं होऊन ओठ जाड होतात, तीही गंमत म्हणून. अमेरिकेत यावर टीका झाली, काही भागांत आवाज बदलले, काही चित्रं बदलली, काही दृश्यं कापली. नातीने एकदा विचारलं, "आबा, या काकूंचं तोंड का दाखवत नाहीत?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. रिमोटवर थांबवलं, आणि ज्यांना घरात राबवून घ्यायचं त्यांचं तोंड बघायची गरज काहींना वाटत नसे, असं काहीसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचं नाव घेतलं, म्हणाली, "त्यांचं आडनाव काय?" मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. तव्याच्या फटक्याने आमच्या घरी असं काही झालेलं नाही.

आता माझी तक्रार, जिच्यासाठी खरं तर लेखणी उचलली. हल्ली एका वाहिनीवर टॉम-जेरी लावलं की त्यात हिंदी बोलणं घातलेलं असतं. मांजर बोलतं, उंदीर बोलतो, सिनेनटांच्या नकला होतात, म्हणी होतात, कोट्या होतात. मूळ टॉम बोलतो फारच क्वचित. तो किंचाळतो, आणि ती किंकाळी खुद्द हॅनांच्या आवाजातली आहे. आता त्याचं तोंड मिटतच नाही. चोरपावलांनी येताना बोलतो, सापळा लावताना बोलतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे थांबतो तेव्हाही बोलतो. हॅनांनी चौकटी मोजून जी जागा रिकामी सोडली ती कुणीतरी भरून टाकली. दमदार तिहाईच्या दमात कुणी 'क्या बात है' ओरडत बसलं तर तबलजीने काय करावं?

खरं सांगायचं तर नातवाला ते आवडतं. तो त्या कोट्या शाळेत जाऊन सांगतो. नातीला आवडत नाही. सूनबाईला हिंदी येतं पण ती म्हणते की डोकं दुखतं. आईचं तर बरंच आहे, यंत्र पानाच्या डब्यात! पण तिचं हसणं आणि पोरांचं हसणं आता वेगवेगळ्या वेळी येतं. ती तिच्या ठिकाणी हसते, नातू कोटीवर हसतो. पूर्वी दोघांच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं, आता दोन-तीन सेकंदांचं झालंय. मी मोजलंय.

आपण रोज शेवटून दुसऱ्या पानावर टीव्हीच्या कार्यक्रमांची यादी छापता. तिथे टॉम-जेरीच्या पुढे कंसात 'बोलणं घातलेलं' किंवा 'मुळातलं' एवढं जरी छापलंत तरी आमची रात्रीची बैठक नीट लागेल. मुलगा म्हणतो इंटरनेटवर मुळातली मिळतात, ती टीव्हीला जोडता येतात. त्याने दोनदा जोडून दाखवलं. तो दुकानात असताना मला ते जमत नाही, आणि आई साडेआठलाच खुर्ची ओढून बसते.

कळावे,
आपला,
तबल्याच्या शिकवण्या करणारा एक आजोबा
मिरज

ता. क. : डग्ग्याला नवी पुडी चढवून आणली. पहिल्यासारखा बोलत नाही. हातोडी आता पानाच्या डब्याशेजारी, वरच्या फळीवर असते.